शिरढोणच्या मुलांच्या हाती पटाशी द्या

पनवेलहून पेणच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. फडक्यांचे बंड आणि एडनच्या तुरुंगातला त्यांचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपाला आलेल्या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांत ते होते आणि स्वदेशी वस्तूंचा त्यांनी आग्रह धरला होता, ही बाजू मात्र जयंतीच्या भाषणांत मागे पडते. तिची आठवण ठेवायची असेल तर एक छोटे काम या गावापासून सुरू करता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, कुंभार, माळी यांच्यासारख्या जाणकारांच्या हाताखाली काम करावे, असे म्हटले आहे. शिरढोण परिसरातल्या मुलांचे हे दिवस एखाद्या प्रदर्शनात घालवण्यापेक्षा लाकडाच्या लहानशा लेथवर घालवावेत आणि त्यांच्याकडून बोटाएवढ्या वस्तू कातून घ्याव्यात, असे माझे मत आहे.

बोटाएवढ्याच का? पोळपाट-लाटणे, रवी, भोवरा हे सगळे कातीव कामच आहे, मग मुलांनी थेट लाटणेच का करू नये, असा प्रश्न रास्त आहे. लाटणे थोडे जाड-बारीक झाले तरी पोळी लाटली जाते. भातुकलीतल्या दोन इंचांच्या लाटण्यात अर्ध्या मिलिमीटरची चूकही डोळ्यांत भरते. दोन टोकांत धरलेल्या लाकडाची जाडी निम्मी झाली की वाकण्याला होणारा त्याचा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे हात जरा जड पडला की काडी थरथरते, अंगावर वळ्या उठतात आणि शेवटी ती मोडते. पटाशीला धार नसेल तर मोठ्या लाकडावर पॉलिश पेपर घासून वेळ मारून नेता येते. इथे घासता घासता कंगोराच नाहीसा होतो. म्हणजे धार, कोन आणि दाब यांचे नाते समजून घेतल्यावाचून सुटका नाही. शिवाय चूक महागात पडत नाही. तुकडा मोडला तर गेले ते वीतभर लाकूड, आणि दुसरा लगेच चढवता येतो. शिकणाऱ्याला पुन्हा पुन्हा चुकू देणारे साहित्य आपल्या शाळांत फार थोडे आहे.

लाकडाचीही ओळख यातून होते, तीही पुस्तकी नव्हे. सागवान म्हणजे सर्वोत्तम, ही आपली पक्की समजूत. पण त्याची छिद्रे मोठी आणि रेषा ठळक, म्हणून अगदी बारीक कंगोऱ्याला ते कच खाते. पांढरट, घट्ट पोताचा काळा कुडा अशा कामाला फार चांगला. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी परंपरेने त्याच्याच लाकडाची असतात. आपल्याकडे सावंतवाडीने हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची फळे आणि लाखेच्या रंगांची भातुकली घरोघरी पोहोचवली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगावर बसते. चन्नपट्टणचे कारागीर मग केवड्याचे पान दाबून तिला चकाकी आणतात. घर्षण, उष्णता, द्रवणांक हे विज्ञानाचे अर्धे प्रकरण तिथे हाताखाली घडते. (कर्नाळ्याच्या अभयारण्यातली काडीही यासाठी तोडू नये, सुतारांकडचे उरलेले तुकडे आणि बागेतली छाटणी पुरते.)

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो कुणी झटकून टाकू नये. लहान तुकडा वेगाने फिरवावा लागतो, हे खरे. पण एक सेंटिमीटर जाडीची काडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरली तरी तिच्या कडेचा वेग दहा सेंटिमीटरचा ठोकळा तीनशे फेऱ्यांनी फिरवल्याइतकाच असतो, आणि सुटून उडाली तरी तिचे वजन नगण्य असते. खरा धोका लोंबत्या गोष्टींचा: ओढणी, मोकळे केस, सैल बाही, आणि संरक्षण म्हणून घातलेले हातमोजेसुद्धा. चष्मा हवाच, धुळीसाठी मुखपट्टी हवी, आणि एका यंत्रापाशी एकच मूल व त्याच्याजवळ उभा एक जाणता. ही शिस्त पाळता येणार नसेल तर उपक्रम सुरूच करू नये. तयार वस्तूंबाबतही प्रामाणिक राहायला हवे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळीत पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलांचे खेळणे म्हणून चालत नाही, कारण ती घशात अडकू शकते. आपली भातुकली बहुतेक त्या नळीत मावेल. म्हणून ती मोठ्या मुलांची आणि हौशी संग्राहकांची, हे पाकिटावर ठळक लिहावे.

दुसरा आक्षेप असा की संगणकावर चालणारी यंत्रे एकसारखे हजारो नग काढत असताना कातारी घडवून काय साधणार? खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले, त्यातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट मिळाली. तरीही केवळ शुल्काच्या आधाराने हाताचा धंदा तगेल असे मला वाटत नाही, आणि शिरढोणला दुसरी सावंतवाडी व्हायची गरजही नाही. पनवेल तालुक्यात विमानतळ आल्यापासून तिथल्या तरुणांपुढे रोजगाराचा प्रश्न वेगळ्याच रूपात उभा आहे. पण लाकूड कातताना हाताला कळलेली गोष्ट लाकडापाशी थांबत नाही. आयटीआयमधल्या टर्नरला लोखंडावर हेच साधावे लागते: कापणारी धार किती कोनात टेकवायची, किती दाबायची, कुठे थांबायचे. यंत्राला आज्ञा लिहून देणाऱ्यालाही बारीक काडी का थरथरते हे ठाऊक असेल तर त्याची आज्ञा बरोबर येते.

शिकवायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. सावंतवाडीत लाखकामाची घरे आता पूर्वीइतकी नाहीत, पण आहेत. त्यांतल्या एखाद्या जाणत्या कारागिराला दहा दिवस बोलवावे, राहण्याची सोय करावी आणि तज्ज्ञ शिक्षकाला देतो तेवढे मानधन द्यावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला एका शाळेपुरता हा खर्च जड नाही. पहिल्या वर्षी एकच लेथ घ्यावा आणि मुलांनी मोडलेले तुकडेही जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या तुकडीला कुठे हात चुकतो ते आधीच दाखवता येईल.