शॉकअपची गॅरंटी कोणाची?



मागच्या खेपेला गुडघेदुखीवर लिहिलं होतं. या वेळी गाडीच्या गुडघ्यांवर लिहिते, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर. मुंबईच्या गॅरेजमध्ये सगळे त्याला ‘शॉकअप’च म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते. नर्सबाईंना ट्रकशी काय करायचंय, असं कोणी विचारील. पण आपल्या घरांतले कितीतरी जण ट्रक, टेम्पो, व्हॅन चालवून संसार करतात. गाडीचा भाग बिघडला की त्यांची रोजी बुडते आणि रस्त्यावर जीवही धोक्यात येतो. शिवाय गॅरंटीचा कागद तर प्रत्येकाच्या घरात कुठल्या तरी डब्यात पडलेला असतोच.

सध्या माझा मुक्काम जर्मनीत बॉबलिंगेनला भाच्याकडे आहे. शेजारीच सिंडेलफिंगेन, तिथे १९१५ साली डायमलरचा कारखाना सुरू झाला. मर्सिडीज ट्रक बनवणाऱ्या डायमलर ट्रक कंपनीचं मुख्य ऑफिसही इथून जवळच, लाइनफेल्डेन-एश्टरडिंगेनला. आपल्या पिढीला टाटा-मर्सिडीजचे ट्रक आठवत असतील. १९५४ साली टेल्कोने डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ते ट्रक बनू लागले. करार पंधरा वर्षांचा होता. तेव्हा हा गाव म्हणजे त्या ट्रकांच्या माहेराच्या शेजारचाच म्हणायचा. पण माहेरच्या शेजारीसुद्धा जुन्या गाडीला स्वस्त भाग घातला की तेच रडगाणं, जे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ऐकू येतं.

आधी मुलांसाठी सांगते, शॉकअप काय करतो. गाडीचं वजन उचलतात ते पाटे, स्प्रिंगा किंवा हवेच्या पिशव्या. खड्डा आला की त्या दबतात आणि मग उड्या मारत राहतात. ती उडी थांबवायचं काम शॉकअपचं. आईला विचारून औषधाची बिनसुईची सिरिंज घ्या, पाणी भरा आणि दट्ट्या हळू ढकला. पाणी सहज जातं. आता जोरात ढकला. अंगठा दुखेल इतका दट्ट्या अडतो. शॉकअपमध्ये पाण्याऐवजी तेल असतं आणि ते बारीक भोकांतून, झडपांतून जातं. जितका जोराचा धक्का, तितका जास्त विरोध. धक्क्याची ताकद तेलात जिरते आणि तेल गरम होतं. भरलेला ट्रक खराब रस्त्यावरून चालला तर ते किती तापत असेल, विचार करा.

हे तेल आत राखायला दांड्याभोवती एक रबरी सील असतं. सगळा खेळ त्या सीलावर. आपल्या वाडवडिलांना कोकणात शनिवार तेली म्हणत, तेव्हा तेल कुठून पाझरतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको! शॉकअपवर नुसता ओलसर पातळ थर दिसला तर घाबरायचं कारण नाही, दांडा वर-खाली होताना थोडं तेल येतंच. पण धार खाली उतरली, थेंब लोंबायला लागला, की सील गेलं समजा.

वाईट हे, की शॉकअप एका दिवसात मरत नाही. रक्तदाबासारखं असतं ते. रोज थोडं थोडं बिघडतं आणि माणूस सवय करून घेतो. ड्रायव्हर म्हणतो, “रस्ताच खराब आहे.” इकडे चाक जमिनीवर नीट टेकत नाही, आणि हवेत उडालेलं चाक ब्रेक लावू शकत नाही. खडबडीत रस्त्यावर आणि वळणावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. टायर एकसारखा न झिजता जागोजाग खळगे पडल्यासारखा झिजतो. असा टायर दिसला तर शॉकअप दाखवून घ्यावा.

आता भाच्याची गोष्ट. त्याचा घरसामान हलवण्याचा धंदा आहे, साडेसात टनांचा एक जुना ट्रक. चालवतो तोच, सोबत दोन पोरं. ट्रकची स्वतःची गॅरंटी कधीच संपली. मागचे दोन शॉकअप गेले तेव्हा त्याने दुसऱ्या कंपनीची जोडी मागवली. किंमत जवळजवळ निम्मी, वर मोठ्या अक्षरात “दोन वर्षं गॅरंटी”. गॅरेजमध्ये रीतसर बसवून घेतली. सात महिने झाले आणि एका शॉकअपमधून तेलाची धार. विकणाऱ्याने पहिलं उत्तर दिलं, भाग काढून पाठवा, तपासून सांगू. म्हणजे तपासणी होईपर्यंत ट्रक उभा, नाहीतर नवीन विकत घ्या. दुसरं उत्तर, हा झिजणारा भाग आहे. तिसरं, बसवताना चूक झाली असणार.

या उत्तरांत थोडं खरं आहे, म्हणूनच ती चालतात. बसवताना पक्कडीने दांडा धरला तर त्यावर ओरखडा येतो आणि तो ओरखडा प्रत्येक फेरीला सील कापतो. रबरी बुशाचे बोल्ट गाडी वर लटकलेली असताना घट्ट केले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हवेच्या पिशव्यांच्या गाडीत कितीतरी वेळा शॉकअपच अ‍ॅक्सलला जास्त खाली जाण्यापासून अडवतो. तिथे लांबी चुकली तर पिशवीही ताणली जाते. आणि एकाच बाजूचा बदलला, दुसरा जुनाच ठेवला, तर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. म्हणून बदलायचे ते जोडीने. भाच्याच्या गॅरेजवाल्याने बिलावर भागाचा नंबर, किलोमीटर, तारीख सगळं लिहिलं होतं, फोटोही काढले होते. त्या बिलानेच पुढे त्याला तारलं.

आता कायद्याचं. इथे दोन शब्द आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. पहिला गेव्हेरलाइस्टुंग. ही विकणाऱ्यावर कायद्याने घातलेली जबाबदारी, नव्या मालावर साधारण दोन वर्षं. माल हातात आला तेव्हाच त्यात दोष असला तर विकणाऱ्याने निस्तरायचा. दुसरा गारान्टी. हे कंपनीने किंवा विकणाऱ्याने आपल्या मर्जीने दिलेलं वचन. मर्जीने दिलेलं, म्हणून अटीही त्यांच्याच. फक्त भाग बदलून मिळेल, मजुरी मिळणार नाही, बुडालेल्या रोजीचं तर नावच नको. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशी इथे मजुरी भागापेक्षा महाग पडते.

मग दोष आधीपासून होता हे सिद्ध कोणी करायचं? घरच्या वापरासाठी माल घेणाऱ्याला जर्मन कायदा मदत करतो. १ जानेवारी २०२२ पासून पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असं धरतात आणि उलटं सिद्ध करायचं ते विकणाऱ्याने. त्याआधी ही मुदत सहा महिन्यांची होती. पण भाच्याने माल धंद्याच्या नावावर घेतला होता. धंदेवाल्याला ही सवलत नाही. त्याने माल आल्याबरोबर तपासायचा, दोष दिसला की लगेच कळवायचं, आणि सिद्धही त्यानेच करायचं. मोठ्या कंपनीकडे पन्नास ट्रक असतात आणि वकीलही असतो. एका ट्रकवाल्याकडे काय असतं?

इथे मला आपल्या भारताचं कौतुक वाटलं. ग्राहक संरक्षण कायदा तिथे १९८६ साली आला. त्यातही धंद्यासाठी घेतलेला माल वगळलेलाच होता. पण १९९३ च्या दुरुस्तीत खुलासा घातला, की केवळ पोट भरण्यासाठी, स्वतः राबून काम करणारा माणूस ग्राहकच समजावा. १९९५ साली लक्ष्मी इंजिनियरिंग वर्क्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने उदाहरणच दिलं, ट्रक विकत घेऊन स्वतः भाड्याने चालवणारा माणूस ग्राहक आहे. २०१९ च्या नवीन कायद्यातही हा खुलासा कायम आहे. तिथे निकाल लागायला वेळ लागतो, ते निराळं. पण एकट्या ट्रकवाल्याला कायद्याने ओळखलं तरी!

जर्मनीतही एक चांगली गोष्ट झाली. १ जानेवारी २०१८ पासून, सदोष भाग अजाणता गाडीत बसवला गेला असेल तर तो काढण्याचा आणि नवा बसवण्याचा खर्चही विकणाऱ्यावर येतो, आणि हे धंदेवाल्यालाही लागू आहे. अर्थात, दोष आधीचा होता हे ठरलं पाहिजे. भाच्याने बिल, फोटो आणि या कलमाचा उल्लेख असं पत्र रजिस्टरने पाठवलं. आधी नुसता एक शॉकअप द्यायला तयार असलेल्या विकणाऱ्याने मग दोन्ही दिले आणि मजुरीचे अर्धे पैसेही दिले. ट्रक अकरा दिवस उभा राहिला, त्याचे काही मिळाले नाहीत.

म्हणजे बाहेरचा भाग घेऊच नये का? तसं मी म्हणत नाही. कितीतरी बाहेरचे भाग उत्तम असतात. मुंबईत मुलुंडला १९६१ पासून गॅब्रिएल कंपनीने शॉकअप बनवले, तेही कारखान्यांना आणि बाजारालाही. इथे युरोपात २०१० च्या नियमांनुसार, नुसतं बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं किंवा दुसऱ्या कंपनीचा भाग घातला एवढ्यावरून गाडीची गॅरंटी नाकारता येत नाही. पण त्या भागामुळेच बिघाड झाला, तर तो खर्च गाडीची कंपनी देणार नाही.

आता कापून फ्रीजवर लावायला:

१. घेण्यापूर्वी विचारा, गॅरंटी कोण देतो, विकणारा की बनवणारा? मजुरी धरून की नुसता भाग?

२. गाडीच्या कागदावरच्या नंबराने भाग जुळवा. “तसाच दिसतो” यावर जाऊ नका.

३. बसवणाऱ्याकडून बिल घ्या. त्यावर भागाचा नंबर, तारीख आणि किलोमीटर हवेत. पावतीची शाई उडते, म्हणून नातवंडांकडून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

४. दोष दिसला की त्याच दिवशी लेखी कळवा. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

५. काढलेला जुना भाग फेकू नका आणि पोचपावतीशिवाय पाठवू नका.

६. तेलाची धार दिसत असताना “एवढी एक फेरी मारून येतो” असं कोणी म्हणालं तर त्याला घरी बसवा. इथे साडेतीन टनांवरच्या ट्रकची तपासणी दरवर्षी होते, पण सील तपासणीच्या तारखेची वाट बघत नाही.

हिब्रूत गॅरंटीला म्हणतात अहरायुत, आणि जबाबदारीलाही तोच शब्द. इस्रायलमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना हा शब्द दुकानात रोज दिसतो. पुढच्या वेळी दुकानदाराने तो उच्चारला तर त्यांनी विचारावं, कसली अहरायुत, किती दिवसांची, आणि लिहून देणार का?

सिरिंजचा प्रयोग करणाऱ्या मुलांनी एकदा पाण्याऐवजी गोडं तेल भरून बघावं आणि काय फरक पडला ते मला कळवावं. बरोबर कारण लिहिणाऱ्यांचं कौतुक पुढच्या अंकात करीन. तेल सांडलं तर पुसायचं मात्र तुम्हीच, आजीचं नाव सांगायचं नाही!

आपली,
सिस्टर आजी
बॉबलिंगेन