आकड्यांशी इमान

बारावीचा आणि सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत शाखा निवडीची चर्चा सुरू होते. एके काळी ही चर्चा स्थापत्य की यंत्र अशी असे, पुढे संगणक अभियांत्रिकीचे दिवस आले, आणि आता 'कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स' ही शाखा मिळावी म्हणून आई-वडील रात्री जागून महाविद्यालयांचे पसंतीक्रम लावीत बसतात. प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात. परंतु त्या शाखेतून बाहेर पडल्यावर आपला मुलगा किंवा मुलगी दिवसभर नेमके काय काम करणार आहे, हे पेढे वाटणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना सांगता येईल. आणि जे तरुण आज आठ-दहा वर्षे हे काम करीत आहेत, त्यांना ते घरी सांगण्याची सोय उरलेली नाही. पगाराचा आकडा नातेवाइकांत केव्हाच सांगून झालेला असतो. त्या आकड्यामागचे काम पुष्कळदा कंटाळवाणे असते, अनिश्चित असते, क्वचित मनाला टोचणारेही असते, हे मग बोलायचे कोणापाशी? या अबोल्याविषयी आज लिहावयाचे आहे. कारण त्याचे परिणाम एका घरापुरते राहत नाहीत.

या क्षेत्राभोवतीचे वलय कसे निर्माण झाले, हे आधी पाहू. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात थॉमस डॅव्हनपोर्ट आणि डी. जे. पाटील यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. डेटा सायंटिस्टची नोकरी ही या शतकातील सर्वांत मोहक नोकरी, असा दावा त्याच्या मथळ्यातच होता. हेच पाटील पुढे २०१५ मध्ये अमेरिकी सरकारचे पहिले मुख्य डेटा सायंटिस्ट झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि जे वलय तोवर अभियंत्यांपुरते होते, ते घराघरांत पोहोचले. वलयाला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो वलयामागचे काम न पाहण्याला.

डेटा, म्हणजे ज्याला 'विदा' असा शब्द मराठीत रूढ होऊ पाहत आहे, तो कधीच तयार, नीटनेटका असा हाती येत नाही. या क्षेत्रात मुरलेल्या कोणत्याही माणसाला निवांतपणे विचारावे. कामाचा मोठा वाटा नोंदी तपासण्यात, चुका शोधण्यात, दोन याद्यांतील तीच व्यक्ती ओळखण्यात जातो, असेच तो सांगेल. एक साधे उदाहरण घेऊ. आपल्याकडे शेतकरी जमिनीचे क्षेत्र एकर-गुंठ्यांत सांगतो. एक एकर वीस गुंठे हे क्षेत्र कागदावर पुष्कळदा १.२० असे लिहिले जाते. चाळीस गुंठ्यांचा एकर, तेव्हा ही जमीन दीड एकर झाली. परंतु संगणकाला गुंठा ठाऊक नाही. तो ही नोंद एक पूर्णांक दोन दशांश एकर अशीच वाचणार आणि शेतकऱ्याचे बारा गुंठे मुकाट्याने गिळून टाकणार. अशा हजारो नोंदींवर उभारलेले पीक-अंदाजाचे वा कर्ज-पात्रतेचे मॉडेल कितीही प्रगत गणिताने सजविले, तरी त्याचा पाया खचलेलाच राहील. ही चूक यंत्र आपणहून पकडत नाही. ज्याने आजोबांच्या तोंडून गुंठ्याचा हिशेब ऐकला आहे आणि मुदत उद्या संपत असतानाही जो "थांबा, हा आकडा जुळत नाही" असे म्हणतो, तो माणूस ती पकडतो. या व्यवसायाचे मर्म त्या एका वाक्यात आहे. ते म्हणणाऱ्याला कोणी पेढे देत नाही. उलट काम लांबविल्याचा ठपकाच पुष्कळदा पदरी येतो.

बुद्धिमान म्हणविणाऱ्या यंत्रामागे अशीच न दिसणारी माणसे मोठ्या संख्येने उभी आहेत. यंत्राला चित्रे ओळखावयास शिकविण्याच्या कामी मैलाचा दगड ठरलेला 'इमेजनेट' हा संग्रह फेई-फेई ली यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये जगापुढे आला. त्यातील १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रांपुढे ती कशाची आहेत हे लिहिण्याचे काम १६७ देशांतील सुमारे ४९ हजार लोकांनी इंटरनेटवरून, तुटपुंज्या मोबदल्यावर केले. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने केनियातील कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली. चॅटजीपीटीच्या तोंडून अभद्र मजकूर बाहेर पडू नये, म्हणून हिंसेची आणि अत्याचारांची किळसवाणी वर्णने दिवसभर वाचून त्यांवर खुणा करणे हे त्यांचे काम होते. आणि हाती पडणारा मोबदला होता तासाला दोन डॉलरहूनही कमी. आपल्या पडद्यावर उमटणारे सभ्य उत्तर कोणाच्या तरी बिघडलेल्या झोपेवर उभे आहे, याची जाणीव ते उत्तर वाचणाऱ्याला असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

याच संदर्भात आपल्या भाषेशी निगडित असलेला एक प्रयोग फारसा चर्चिला गेलेला नाही. यंत्राला मराठी बोलणे समजावे यासाठी लागणारे ध्वनिमुद्रण कोणाकडून करवून घ्यावे, याचा अभ्यास करणारा एक शोधनिबंध मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. त्यासाठी खेड्यातील गरीब, शहरातील गरीब आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील एकूण ३६ जणांनी मराठीत १०९ तासांचे ध्वनिमुद्रण केले. एरवी असे काम विद्यार्थ्यांनाच दिले जाते. परंतु गरीब गटांनी केलेल्या कामाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड निघाला. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाखांची असलेली ही भाषा यंत्रात उतरवावयाची, तर तिच्यासाठी खेड्यातली बोली आणि खेड्यातला बोलणारा दोन्ही हवेत, आणि त्या श्रमाचे योग्य मोलही त्याला मिळावयास हवे. या कामाला हलके लेखण्याचे काही कारण नाही.

परंतु श्रमाच्या मोलाहूनही गंभीर प्रश्न आहे तो खरे बोलण्याचा. यंत्राने दिलेला आकडा चुकला आणि चूक माहीत असणारे गप्प राहिले तर काय होते, याचा धडा ब्रिटनच्या टपाल व्यवस्थेने जगाला दिला आहे. तेथील टपाल कचेऱ्यांत १९९९ पासून फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही हिशेबाची संगणकप्रणाली बसविण्यात आली. प्रणाली हिशेबात तूट दाखवी, ती भरून देण्याची जबाबदारी कचेरी चालविणाऱ्यावर येई, आणि "मी पैसे घेतलेले नाहीत, संगणकच चुकतो आहे" असे सांगणाऱ्यावर चोरीचा वा लबाडीचा खटला उभा राही. पुढील सोळा वर्षांत नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे दिवाळे निघाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्यांना तोंड दाखविणे अवघड झाले. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही होती. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, आणि मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला स्वतंत्र कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. प्रणालीत दोष आहेत, हे ती बनविणाऱ्या आणि वापरणाऱ्या संस्थांतील काही माणसांना ठाऊक होते, हे पुढे झालेल्या चौकशीत स्पष्ट झाले. त्यांच्यातील पुरेशा लोकांनी, पुरेशा मोठ्या आवाजात, वेळीच ते सांगितले असते, तर शेकडो संसार वाचले असते.

ती प्रणाली साध्या हिशेबाची होती. आज यंत्र माणसांची निवडही करू लागले आहे, तेव्हा मौनाची किंमत आणखी वाढते. अमेझॉन कंपनीने नोकरीसाठी आलेल्या अर्जांची छाननी यंत्राकडे सोपविण्याचा प्रयोग केला होता. आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. त्यांवरून शिकलेल्या यंत्राने स्त्रियांचे अर्ज मागे टाकण्यास सुरुवात केली. आतल्या मंडळींच्या ते लक्षात आले आणि कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. २०१८ मध्ये 'रॉयटर्स'ने ही माहिती उघड केली. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत पातेल्याच्या एकाच कडेचे उचलले तर परीक्षा चुकते, हे स्वयंपाकघरात सर्वांना कळते. संगणकापुढे बसल्यावर मात्र त्याचा विसर पडतो. येथे दोष ओळखणारी माणसे होती आणि त्यांचे ऐकले गेले, हा होरायझन प्रकरणाशी असलेला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कपात करण्याचे जाहीर केले. कंपनीने यंत्रबुद्धीकडे बोट दाखविले नाही; कौशल्ये आणि कामे यांचा मेळ बसत नसल्याचे कारण तिने दिले. कारण काहीही असो, ज्या नोकरीकडे मध्यमवर्गाने दोन पिढ्या सरकारी नोकरीइतक्याच निर्धास्तपणे पाहिले, तिचा तो निर्धास्तपणा संपला आहे. नवख्याने ज्यावर हात बसवायचा, तो साधा प्रोग्रॅम लिहिण्याचे वा तपासण्याचे काम आता यंत्रही करू लागले आहे. पुणे, मुंबई वा बंगळुरूच्या तरुणाच्या मनात त्याची धास्ती आहे. त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, वर्षअखेरीस होणाऱ्या मूल्यमापनाची टांगती तलवार आहे. अशा मनःस्थितीत "हा आकडा चुकीचा आहे" असे वरिष्ठाला सांगण्याचे बळ त्याने कोठून आणावे? ज्याला घरी "मला भीती वाटते" असे म्हणता येत नाही, त्याला कचेरीत "हे चूक आहे" असे म्हणणे त्याहून अवघड जाते. आरंभी ज्या अबोल्याचा उल्लेख केला, तो एका घरापुरता का राहत नाही, याचे उत्तर येथे आहे.

तेव्हा पालकांनी प्रथम शाखेच्या नावावरून आपली नजर काढावी. महाविद्यालयात चौकशी करताना संख्याशास्त्र कोण शिकवितो, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष, अस्ताव्यस्त नोंदींवर काम करावयास मिळते की सर्व प्रयोग पुस्तकातल्या तयार आकड्यांवर उरकले जातात, हे विचारावे. गणिताचा पाया आणि शेती, आरोग्य, हिशेब, कायदा यांपैकी एखाद्या विषयाची खरी जाण ज्याच्यापाशी आहे, त्याला साधने बदलली तरी पुन्हा उभे राहता येते. मातृभाषा नीट लिहिता-वाचता येणे हेही आता या व्यवसायातले एक कौशल्य आहे. घरातील मुलगा-मुलगी या क्षेत्रात असतील, तर पगार विचारण्याआधी "सध्या काम काय चालले आहे?" असे विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकावे. संपर्काच्या निमित्ताने घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनीही या तरुणांकडे केवळ वर्गणी देणारे म्हणून न पाहता, त्यांची नोकरी सुटली तर आपल्या वस्तीला ते सर्वांत आधी कळेल आणि चार दारे त्यांच्यासाठी ठोठावली जातील, इतका जिव्हाळा ठेवावा.

आपल्याकडे क्षमतेची वाण नाही. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' महासंगणक उभा केला. आजच्या भाषिक यंत्रबुद्धीचा पाया घालणाऱ्या २०१७ मधील शोधनिबंधाच्या आठ लेखकांत आशीष वासवानी होते, आणि पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीतून पदवी घेतलेल्या निकी परमारही होत्या. बुद्धी आहे, परिश्रमांची तयारी आहे. जपावयाचे आहे ते आकड्यांशी इमान. कोणाचे तरी बारा गुंठे, कोणाची तरी अब्रू, कोणाची तरी नोकरी त्या आकड्यात असते. उद्या आपल्या घरातला एखादा तरुण रात्री उशिरा जेवावयास बसला आणि म्हणाला, "आज मी साहेबांना सांगितले, हा हिशेब चुकतो आहे, पुढे काय होईल ठाऊक नाही," तर त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढावी आणि बरे केलेस म्हणावे.