शुद्धिपत्र नको, सुधारित आवृत्ती हवी!

बालमित्रांनो, पुस्तकात चिकटवलेले शुद्धिपत्र तुम्ही पाहिले आहे का? पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडतात. मग 'अमुक पान, तमुक ओळ, असे वाचावे' असा कागद आत जोडतात. पुढे त्या चुका सुधारून नवी आवृत्ती निघते आणि कागदाची गरज उरत नाही. संगणकाचेही असेच असते बरं का!

संगणकाचा सारा कारभार पाहते ती ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, लिनक्स ही नावे तुम्हांला माहीत आहेतच. तिच्यातही चुका सापडतात आणि त्यांच्या दुरुस्त्या येतात. त्यांना आपण 'अपडेट' म्हणतो. पण सीडी एकदा तयार झाली की तशीच राहते, जुन्या चुकांसकट.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय? आधी सिस्टिम टाकू, मग इंटरनेट जोडून अपडेट घेऊ." थांबा, गंमत ऐका. विंडोज एक्सपी २००१ साली आली. तिच्यातल्या एका भगदाडाची दुरुस्ती १६ जुलै २००३ रोजी निघाली. ११ ऑगस्टला त्याच भगदाडातून 'ब्लास्टर' नावाचा किडा जगभर पसरला. काहीही उघडायची गरज नाही. इंटरनेट जोडले की हा आत! मग पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक बंद होऊन पुन्हा चालू होई. जुन्या सीडीवरून सिस्टिम टाकणाऱ्याची पंचाईत अशी, की दुरुस्ती आणायला इंटरनेट जोडावे, तर तेवढ्यात किडा शिरायचा. औषध आणायला निघावे आणि वाटेतच साप चावावा, तसे!

दुसरी अडचण वेळेची. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा आला, 'सर्व्हिस पॅक २'. आकार सुमारे २६६ मेगाबाइट. टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम सेकंदाला फार तर ५६ हजार बिट आणायचा. म्हणजे पूर्ण वेगाने, एकदाही लाइन न तुटता साडेदहा तास! साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत दहा संगणक असते, तर शंभराहून जास्त तास लागले असते.

यावर उपाय म्हणजे सुधारित आवृत्ती आपणच काढायची. आधी मूळ सीडीतल्या सगळ्या फाइली संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये उतरवायच्या. मग सर्व्हिस पॅकला तो फोल्डर दाखवायचा. तो जुन्या फाइली काढून त्या जागी नव्या ठेवतो. याला 'स्लिपस्ट्रीम' म्हणत. शेवटी ते सारे कोऱ्या सीडीवर लिहायचे. गठ्ठा एकदाच आणायचा, संगणक कितीही असोत!

पण नुसत्या फाइली लिहून भागत नाही. सीडी 'बूटेबल' हवी. का? चालू होताना संगणकाला फारसे काही ठाऊक नसते. त्याच्या मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम सीडीवरच्या एका ठरलेल्या जागी पाहतो. शून्यापासून मोजले तर ही जागा सतराव्या कप्प्यात आहे. सुरुवातीचा प्रोग्राम कुठे आहे, याचा पत्ता तिथे लिहिलेला असतो. हा नियम १९९५ साली ठरला. पत्ता नसेल तर फाइली असूनही संगणक सुरू होत नाही.

एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. तेव्हा एक्सपी आता वापरू नका. आता सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, आणि अख्ख्या डिस्कची प्रतिकृती 'आयएसओ' नावाच्या एकाच फाइलमध्ये मिळते. डेबियन लिनक्सचे लोक तर दर काही महिन्यांनी दुरुस्त्या घातलेली नवी प्रतिकृती स्वतःच काढतात. आपल्या सी-डॅकने २००७ साली आणलेली 'बॉस' ही मराठी जाणणारी सिस्टिमही डेबियनवरच उभी आहे. जुन्या संगणकाला भंगारात देण्याआधी आई-बाबांना हे जरूर सांगा.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा. प्रतिकृती मूळ संस्थेकडूनच घ्या आणि तिथे दिलेला ६४ अक्षरी 'ठसा' जुळवून पाहा. एक अक्षर जरी चुकले तरी ती फाइल वापरू नका. पेनड्राइव्ह आधी रिकामा करा, कारण त्यातले सगळे पुसले जाते. आणि संगणकातले फोटो, अभ्यास दुसरीकडे ठेवल्याशिवाय नवी सिस्टिम टाकू नका. हे काम मोठ्यांना शेजारी बसवूनच करा हं!

आता एक गणित. ७०० मेगाबाइटची भरलेली सीडी दप्तरात घालून तुम्ही धुळ्याहून साक्रीला एसटीने निघालात आणि दोन तासांत पोहोचलात. तीच माहिती ५६ हजार बिटांच्या मोडेमवरून आणायला किती तास लागतील? (एका बाइटमध्ये ८ बिट, मेगा म्हणजे दहा लाख.)

उत्तर : सुमारे २८ तास. जिंकली की नाही आपली एसटी?