नाक कुठं, कान कुठं?

मागल्या दिवाळीला मी आरमोरीला लेकाकडे गेले, तेव्हा माझ्या पिशवीत अनारशांच्या डब्याखाली एक मोठा रंगीत तक्ता होता. त्यावर एक गुटगुटीत मुलगा आणि त्याच्या नाका-कानांकडे निघालेले बाण! नात वीस महिन्यांची. तिला अवयव शिकवायचे, हा आजीबाईंचा बेत.

गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या गाडीने वडशाला उतरायचे आणि पुढे मोटारीने आरमोरी. धानाची कापणी चालू होती. लेक-सून दोघेही नोकरीवर जाणारी, म्हणून नातीला सांभाळायला एक गोंड मावशी येत. त्यांचे माहेर धानोऱ्याकडचे.

चार दिवसांत नात तयार झाली. “नाक कुठं?” म्हटले की तक्त्यावर बोट! पायावर बोट ठेवून “पाय” असे म्हणूही लागली. पाहुणे आले की मी तक्ता काढी. सूनबाई एकदा हळूच म्हणाली, “आई, तिला झोप आलीय, आता पुरे.” मी ऐकले असते तर ना!

वसुबारसेला पोर किरकिरू लागली, संध्याकाळी अंग तापले. “दाढा येताहेत,” मी निदान करून मोकळी झाले. (दात येताना मूल चिडचिडे होते, पण सणसणीत ताप दातांनी येत नाही, हे डॉक्टरांनी मला नंतर सुनावले.) पोरीचा एकच घोष, “काल, काल!” मी विचारी, “काल काय झालं गं, बाळा?” काल कोण आले, काल काय खाल्ले, याची आम्ही रात्रभर उजळणी केली. ती कडेवरून उतरायला तयार नव्हती, म्हणून लंगडणेही कुणाच्या लक्षात आले नाही.

मावशी सणासाठी गावी गेल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या. पोरीचा शब्द ऐकला मात्र, त्यांनी तिचे पाऊल हातात घेतले. “बाई, आमच्या गोंडीत काल म्हंजे पाय!” अंगठ्याखाली काटा मोडलेला आणि भोवती लालबुंद सूज. डॉक्टरांनी काटा काढला, औषध दिले, ताप उतरला. पण माझ्या मनातून ती रात्र काही उतरेना. पोर बिचारी अगदी नेमके सांगत होती, आणि मी पंचांग उलगडत बसले होते!

तक्त्यावरचा पाय तिला येत होता की! मग दुखताना तो शब्द का नाही आठवला? मावशी रोज तेल लावताना एकेक अवयव चोळत आणि त्याचे नाव घेत, हाताला ‘कय’, पायाला ‘काल’. तो शब्द तिच्या पायातच मुरला होता. माझा तक्त्यावर राहिला.

बोलता येण्याच्या आधी मुलाला समजू लागते. दीड वर्षाच्या सुमाराला बहुतेक मुले विचारल्यावर एकदोन अवयव दाखवतात. नाव तोंडातून यायला आणखी काही महिने जातात. तेव्हा परीक्षा कशाला? आंघोळ, कपडे, नखे काढणे, हाच त्याचा वर्ग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनीही मुलांच्या अंगणात जाऊन, त्यांना स्वच्छ करण्यापासून आरंभ केला होता. आपली आपडी-थापडीसुद्धा शेवटी कान धरायला लावतेच ना! घरात दोन भाषा असल्या तर असू द्याव्यात, मूल त्याने मागे पडत नाही. मोठ्यांनी मात्र दोन्हीकडचे शब्द ठाऊक करून घ्यावेत. आणि हो, ज्या अवयवांची नावे घ्यायला आपण लाजतो, तीही साध्या शब्दांत सांगावीत. तिथे दुखले, किंवा कुणी नको तसा हात लावला, तर पोराने काय म्हणून सांगायचे?

पाडव्याच्या पहाटे मी पाट मांडला. मावशीही लवकर आल्या. मी तेल चोळत “हात” म्हणे, त्या “कय” म्हणत. मी “पाय”, त्या “काल”. अंगठ्यापाशी आले तशी पोरीने पाय आखडून घेतला. मग तेलाने माखलेला आपला चिमुकला हात माझ्या पावलावर आपटून ती गंभीरपणे म्हणाली, “आजी, काल.”

तक्ता अजून तिथेच आहे. सूनबाईने त्याचा धान्याच्या डब्याखाली कागद केला आहे.