‘सौम्य धक्का, घाबरू नका’ एवढ्यावर भागणार नाही

शहादेकरांनो, जमीन हलली की आपल्याकडे ठरलेलं पत्रक येतं. ‘सौम्य धक्का, हानी नाही, घाबरू नका.’ आम्ही पत्रकार ते जसंच्या तसं छापतो. मीही छापलंय. दुसऱ्या दिवशी विषय संपला.

किल्लारी आठवा. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिथं जमीन सारखी गुरगुरत होती. १८ ऑक्टोबरचा धक्का चारच्या आसपासचा होता. मग जोर ओसरला. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३.५६ ला, ६.२ चा भूकंप आला आणि दहा हजारांच्या घरात माणसं गेली. आधीच्या धक्क्यांचं महत्त्व उमगलं ते मागाहून.

टपरीवर हमखास ऐकू येतं, ‘बारीक धक्क्यांनी जोर निघून जातो, चांगलंच आहे.’ साफ चूक! सहाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला तीनचे सुमारे बत्तीस हजार धक्के लागतात. बारीक धक्का जोर काढत नाही, जोर कुठं साठतोय ते सांगू शकतो. फक्त ते कोणीतरी नीट मोजायला हवं.

आणि हे जमतं. कोयनेत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं २००५ पासून यंत्रांचं जाळं बसवलं. लहान धक्के एका जागी गोळा होतायत का, वरून खोल सरकतायत का, हे बघून मे २००६ मध्ये चारच्या आसपासच्या धक्क्याचा अंदाज आधी दिला. काही दिवसांत तो खरा ठरला.

आता कोणी म्हणेल, मग तारीख सांगा. नाही सांगता येत. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रीघ लागली, म्हणून तिथं किल्लारी झाली असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर वार-वेळ सांगणारा थापाड्याच समजा. पण तारीख सांगता येत नाही म्हणून नोंदीही दाखवायच्या नाहीत, हा कुठला न्याय?

आपण काही सुरक्षित कोपऱ्यात बसलेलो नाही. १४ मार्च १९३८ ला याच सातपुड्यात ६.३ चा भूकंप झालाय. नर्मदा-तापीचे भ्रंश आपल्या दोन्ही अंगांना. तापीकाठी सावळद्याला भूकंपमापन केंद्र आहे, म्हणजे यंत्र दारात आहे. मागणी एवढीच, की प्रत्येक धक्क्याची वेळ, जागा, खोली मराठीत, दर महिन्याला, तहसील आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. याला काय मोठा निधी लागतो?

पुढच्या पत्रकाला माझे दोनच प्रश्न असतील. खोली किती, आणि महिन्याभरातला हा कितवा? उत्तर मिळेपर्यंत माझ्या बातमीत ‘सौम्य’ हा शब्द येणार नाही.