दगड विरघळतो, बॉस!

परवा लंच टाइमला ऑफिसमधल्या एकाने सुट्टीचा प्लॅन जाहीर केला. "मेघालय. गुहा बघायच्या." लगेच पलीकडून बाउन्सर आला, "अरे, गुहांसाठी एवढं लांब कशाला? आपल्याकडे अजिंठा-वेरूळ आहे, कार्ला-भाजे आहे. बाइक काढ आणि सुट!" सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगू? बरोबर होता तो पहिलाच.

कारण अजिंठा-वेरूळ, कार्ला-भाजे ही लेणी. माणसांनी छिन्नी-हातोडा घेऊन खोदलेली. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पाणी त्याला झिजवतं, पण तो सहजी विरघळत नाही. म्हणून एवढा धो-धो पाऊस पडूनही आपल्याकडे मैलोन्‌मैल पसरलेल्या नैसर्गिक गुहा नाहीत.

चुनखडकाचं तसं नाही. तो विरघळतो. सोड्याची बाटली आठवा. पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते किंचित आम्ल होतं. पावसाचं पाणी तो थोडा हवेतून घेतं, बराचसा मातीतून. मग हा 'माइल्ड सोडा' खडकाच्या भेगेत शिरतो आणि कणाकणाने चुना घेऊन बाहेर पडतो. भेगेची फट होते, फटीचा बोळ, बोळाचा चक्क हॉल! फक्त डेडलाइन हजारो-लाखो वर्षांची.

थोडक्यात रेसिपी अशी: चुनखडक, पाणी आणि पेशन्स. अमेरिकेत केंटकीमध्ये हे जमलं, तिथली मॅमथ केव्ह आतापर्यंत ६८० किलोमीटरहून जास्त मोजून झालीय. स्लोव्हेनियातल्या अशाच एका पठारावरून तर या प्रकारच्या भूभागाला जगभर 'कार्स्ट' म्हणतात. आणि मेघालय? तिथल्या मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मुंबईच्या चौपटीहून जास्त. खाली चुनखडक. मग काय, राज्यात हजाराहून जास्त गुहा! खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. जैंतिया टेकड्यांमधली क्रेम लिआत प्राह एकटीच ३० किलोमीटरहून लांब आहे.

चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुहेची तर गोष्टच वेगळी. छतातून ठिबकणारा प्रत्येक थेंब चिमूटभरही नाही इतका चुना मागे ठेवतो. थरावर थर चढतात आणि त्यात पावसापाण्याची नोंद राहते, एखाद्या डायरीसारखी. तिथल्या थरांमध्ये सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली. त्यावरून भूशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये पृथ्वीच्या चालू कालखंडाचं नाव ठेवलं 'मेघालयन'. म्हणजे लोकलला लटकणारे, ईएमआय भरणारे आपण सगळे मेघालयन!

आता दोन गोष्टी सीरियसली. एक, ज्या पाण्याने गुहा घडते तेच पाणी पावसाळ्यात तिच्यात परत येतं. २०१८ च्या जूनमध्ये थायलंडमध्ये बारा मुलं आणि त्यांचा कोच असेच चुनखडकाच्या गुहेत अडकले. सगळ्यांना बाहेर काढायला जुलैची दहा तारीख उजाडली आणि त्यात एका पाणबुड्याचा जीव गेला. तेव्हा जायचं ते कोरड्या हिवाळ्यात आणि स्थानिक गाइड घेऊनच.

दोन, चुनखडक हाच सिमेंटचा कच्चा माल. खाणींमुळे गुहा धोक्यात येताहेत, असं मेघालयातले गुहाशोधक वर्षानुवर्षं सांगताहेत. आपल्याला टू-बीएचके हवा, त्याला सिमेंट हवं, सिमेंटला तोच दगड हवा. फ्लॅटचं पझेशन दोन वर्षं लेट झालं तर आपण बिल्डरच्या नावाने शंख करतो. गुहेचं पझेशन मात्र एकदा गेलं की पुन्हा मिळत नाही.

संध्याकाळी मी त्या पहिल्याला मेसेज टाकला. "एक सीट माझी. आणि हो, आतल्या कशालाही हात लावायचा नाही!"