हेड उघडण्याआधी कारण सांगा!



एप्रिल-मे महिन्यात आपल्या भागातल्या कोणत्याही सडकेवर हे दृश्य दिसते. बोनेट वर केलेली जीप बाभळीच्या सावलीला उभी असते, रेडिएटरमधून वाफ निघत असते आणि ड्रायव्हर डबडे घेऊन पाणी शोधत असतो. पुढचेही ठरलेलेच. गाडी ओढत तालुक्याला जाते. मिस्त्री एकदा डोकावतो आणि म्हणतो, "हेड उघडावं लागते." आपण मान डोलावतो, दोन-चार क्विंटल कापसाचे पैसे मोजतो, आणि महिना होत नाही तोच गाडी पुन्हा तापते.

का तापते? कारण गाडी का तापली हे कोणी विचारलेच नाही. तापणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. कपाशीचे पान लाल पडले म्हणून शहाणा शेतकरी लगेच पंप पाठीवर घेत नाही. तो पान उलटवून तुडतुडे पाहतो, मॅग्नेशियम कमी पडले का याचा विचार करतो, रात्रीची थंडी ध्यानात घेतो. मग गाडीच्या बाबतीत आपण असे आंधळे का होतो? हेड गॅसकेट जळते ते बहुतेक वेळा गाडी तापल्यामुळे. मूळ दोष तसाच ठेवून नवे गॅसकेट टाकले तर तेही जळणारच.

जळलेल्या डिझेलच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. दुसरा धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातला मोठा भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप पाणी फिरवतो, रेडिएटर ते गार करतो, पंखा हवा ओढतो. यातले काय बिघडले हे ओळखायला कॉम्प्युटर लागत नाही. पहिला प्रश्न एकच: गाडी तापते केव्हा?

बाजारात, फाटकावर, उभ्या उभ्या तापते आणि सडकेला लागली की उतरते, तर पंख्याकडे पाहा. जुन्या जीपचा पट्टा सैल असेल. अंगठ्याने दाबला तर साधारण बोटाच्या जाडीइतका दबावा, त्याहून जास्त नको. विजेचा पंखा असेल तर फ्यूज, रिले, मोटर. याउलट भरल्या गाडीने घाट चढताना किंवा वेगात तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे.

हे चोंदणे आपल्याकडे दोन प्रकारचे, आणि दोन्ही आपल्याच धंद्यातले. बाहेरून चोंदतो तो रुईने आणि कुटाराने. जिनिंगच्या आवारात तासन्‌तास रांगेत उभी राहिलेली किंवा ज्वारीच्या मळणीजवळ लावलेली गाडी हवेबरोबर हे सगळे ओढून घेते. एसीच्या गाडीत पुढे एक जाळी आणि मागे रेडिएटर असतो, आणि रुईचा थर बसतो नेमका दोघांच्या मध्ये. समोरून सगळे स्वच्छ दिसते! धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारा, तेही हलक्या धारेने; जोराच्या धारेने पाती वाकतात.

आतून चोंदतो तो पाण्याने, आणि इथे मला जास्त बोलायचे आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या बोअरचे पाणी आपण पिकाला देताना दहा वेळा विचार करतो आणि गाडीच्या पोटात मात्र बिनदिक्कत ओततो. पाणी तापले की त्यातला क्षार सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. खारे पाणी ॲल्युमिनियम खाते ते वेगळेच. चुलीवरच्या गंजाला आतून चढलेली पांढरी खपली पाहा. तीच इंजिनात बसते आणि उष्णता अडवते. म्हणून कूलंट हा श्रीमंतांचा चोचला नव्हे. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचे घ्या आणि सोबत डिस्टिल्ड वॉटर निम्मेनिम्म घाला. बाटलीवर तयार मिश्रण असे लिहिले असेल तर पाणी घालू नका. दोन जातींची सरमिसळ नको. जुने कूलंट काढाल तेव्हा घमेले अंगणात उघडे सोडू नका. ते गोड लागते आणि विषारी असते. जनावर पिऊन मरते.

रेडिएटरचे झाकण हा नुसता बूच नाही. त्यावर ०.९ असा आकडा असेल तर ते तेवढा दाब धरते आणि त्या दाबाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळते. रबर कडक झाले की हा फायदा गेला. काही शेकड्यांच्या या वस्तूपायी हेड उघडलेले मी पाहिले आहे. गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तरी दोष झाकणातच शोधा.

आता थर्मोस्टॅट. "आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, इथे त्याची गरजच नाही, काढून टाका," असे छातीठोकपणे सांगणारे गावोगाव आहेत. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते हे खरे. पण उपाय बदलण्याचा आहे, काढण्याचा नाही. बाहेर कितीही ऊन असो, इंजिनाला स्वतःचे ऐंशी-नव्वद अंश लागतात. थंड चालणारे इंजिन डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. तपासणी सोपी आहे. दोऱ्याला बांधून पाण्यात टांगा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडला तर तो निर्दोष.

आणि हेड खरोखर गेले असेल तर? त्याच्याही खुणा आहेत. गार इंजिनाचे झाकण काढून गाडी चालू करा. पहिल्यापासून सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो आहे. ऑइल ताकासारखे झाले, बाहेर गळती नसताना पाणी घटते, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, अशा खुणा दिसल्या तर हेड अवश्य उघडा. मग ते वाकले आहे का हे मोजून घ्या.

वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा आणि गाडी बाजूला घ्या. वाफ दिसली की इंजिन बंद. गरम झाकणाला हात लावू नका. उकळते पाणी तोंडावर येते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर ब्लॉक तडकू शकतो. काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी पूर्ण संपले की त्याचा सेन्सर कोरडा पडतो, आणि काटा खाली येऊन सगळे ठीक असल्याचे खोटेच सांगतो.

सगळे मिस्त्री लुबाडणारे आहेत असे मी म्हणत नाही. चांगला मिस्त्री स्वतःच आधी झाकण, पट्टा, होज पाहतो. पण धुराड्याच्या वासावरून निदान करणाऱ्याला दोन प्रश्न विचारण्याचा हक्क आपला आहे: कारण काय, आणि ते कशावरून? उत्तर बिलावर लिहून घ्या. काढलेला सुटा भाग परत मागा. चिडला तर चिडू द्या. पैसे आपले आहेत.

मेळाव्याला गाड्या घेऊन येणाऱ्यांनी त्या दिवशी पहाटे, इंजिन गार असताना, झाकण काढून पाण्याची पातळी आणि रंग पाहावा. तांबूस, गंजके पाणी दिसले तर रेडिएटर धुऊन कूलंट भरूनच निघावे.